भरमाप्पाची साक्ष

मष्णूच्या घरातले माग भरदुपारी थांबले, तेव्हा भरमाप्पाचं आता खरं नाही हे वडगावच्या सगळ्या गल्लीला कळलं. दोघे सख्खे भाऊ. मधे एक भिंत. प्लेगाच्या सालानंतर भरमाप्पा मिशनच्या धर्मात गेला आणि मष्णूनं एका घराची दोन घरं केली. तेव्हापासून एकानं दुसऱ्याचा उंबरा ओलांडला नव्हता. पण मागांचा खडखडाट भिंतीला जुमानत नसे. त्याच आवाजात भरमाप्पाची पोरं जन्मली, शिकली, लेक नांदायला गेली. आज तो आवाज नव्हता, आणि आतल्या खोलीत बापाचा श्वास केवढा घरघरतो आहे हे जोतिरामला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

"काकानं माग बंद ठेवलं," त्याची बहीण चंपा म्हणाली. ती सकाळीच सर्व्हिस मोटारीनं निपाणीहून आली होती. नवऱ्याच्या तंबाखूच्या वखारीचा उग्र वास अजून तिच्या पातळाला होता. "ज्योत्या, मला ह्याचीच भीती वाटाय लागलीया. माया आली न्हवं, आता ती मंडळी आप्पाला घेऊन जाया बसत्यात. निपाणीत माझ्या कानावर आलंय. म्हातारा मनातनं कवाच फिरलाय, म्हणं. दहन करणार, म्हणं."

"कोण म्हणतंय?"

"म्हणनारं म्हणत्यात. आप्पा प्रार्थनेच्या मंडपात कवा रडला न्हाय, कवा उठून देवाची साक्ष दिली न्हाय. लोकास्नी दुसरं काय दिसतंय? त्यानं एकदा तोंडानं बोलाय पायजे. चार माणसांम्होरं."

तेच जोतिरामच्याही मनात होतं, आणि नुसतं लोकांसाठी नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी लष्करी कँपातल्या मैदानावर शांतवन मास्तरांचा मंडप पहिल्यांदा उभा राहिला होता. मिरजेकडचा हा उपदेशक पेटीवर बोटं ठेवायचा, डोळे मिटायचा, आणि पहिल्या ओळीलाच बायका पदर तोंडाला लावायच्या. त्या रात्री जोतिराम गुडघ्यावर कोसळला होता. अंगातून वीज गेल्यासारखं झालं होतं. लहानपणापासून मिशनच्या देवळात जाणाऱ्या, मिशनच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या ह्या पोराला त्या रात्री वाटलं की देव काय असतो ते आपल्याला आज कळलं. मग तो मास्तरांबरोबर कडोलीला गेला, खानापूरला गेला. त्याला रडू लवकर यायचं आणि त्याला पाहून माणसं रडायची. उज्जीवनाच्या, विश्वास नव्यानं पेटवायच्या, सभांत त्याचं नाव झालं. आता ह्या खेपेला मास्तर म्हणाले होते, सोमवारी आम्ही निपाणीवरून कोल्हापूरकडे निघतो, तू कायमचा ये.

आणि बाप? बाप मंडपात शेवटच्या रांगेत बसायचा. गाणी संपली की खांद्यावर घोंगडं टाकून घरी निघून यायचा. गेल्या वर्षी एका सभेत जोतिरामनं उभं राहून मोठ्यानं प्रार्थना केली होती, "हे प्रभू, माझ्या बापाचं कठीण काळीज फोड." सगळा मंडप हुंदके देत होता. बाप मागे बसून ऐकत होता. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "जेवलास का न्हाय?"

बायाक्का आतून बाहेर आली. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून नवऱ्याचे ओठ ओले करायचं काम ती सकाळपासून करत होती.

"मास्तरास्नी बोलावलंस म्हणं," ती लेकाला म्हणाली.

"व्हय, आई. येत्यात."

"कशाला?"

"आप्पासाठी प्रार्थना कराय."

बायाक्कानं त्याच्याकडे बघितलं. "त्याला बोलाय दम पुरत न्हाय," ती म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

मास्तरांच्या आधी मष्णू आला.

उंबऱ्याबाहेर तो जरा थबकला. पायातली पायताणं काढली, मग आत आला. त्याच्या हातात तांब्या होता आणि तांब्याच्या तोंडावर तुळशीचं पान. चंपानं भावाचा दंड धरला. पण म्हातारा चुलता कुणाकडे न बघता सरळ आतल्या खोलीत गेला आणि भावाच्या उशाशी बसला. जोतिराम आणि चंपा दारात उभी राहिली.

"अण्णा, वळखलास का?"

भरमाप्पानं डोळे उघडले. बराच वेळ बघितलं. "मष्णू," तो म्हणाला. "माग का थांबलं रं?"

"तुझ्यासाठनं."

"सणाचं दिस तोंडावर आल्यात. चालवायचं हुतंस."

मष्णूनं भावाचा हात हातात घेतला. सुरकुतलेल्या त्या दोन्ही हातांवर मागाचे सारखेच घट्टे होते.

"अण्णा, एक इचारतो. राग धरू नगस. तू आमास्नी सोडून त्येच्या मागं गेलास. आता ह्या टायमाला त्यो काय दिसतोय का तुला? काय सुख वाटतंय का मनाला?"

हाच प्रश्न जोतिरामला विचारायचा होता. बाप आता बोलेल, चुलत्याच्या तोंडावर बोलेल, आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील.

"न्हाय," भरमाप्पा म्हणाला.

"काय वाटत न्हाय?"

"काय वाटत न्हाय."

"मग घरला ये की रं, अण्णा." मष्णू रडू लागला. "ह्यो एवढा घोट घे आन् घरला ये. आपल्या आय-बापाच्या वाटंनं जा."

चंपानं तोंडावर पदर दाबला. जोतिराम पुढं झाला आणि त्यानं चुलत्याचं मनगट धरलं. "काका, तांब्या खाली ठेवा."

"तू सोड," बायाक्का लेकाला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्येंचं त्येस्नी बोलू दे."

"आई, तू काकाच्या बाजूनं हाईस?"

"मी तुज्या बापाच्या बाजूनं हाय. सोड हात."

जोतिरामनं हात सोडला. भरमाप्पाची नजर तांब्यावर गेली, मग भावाच्या तोंडावर.

"तहान लागलीया," तो म्हणाला. "तुज्या हातनं पाज. पर पान काढ."

"अण्णा..."

"पान काढ, मष्णू. पाणी दे."

मष्णूनं पान उचललं, आपल्या टोपीत ठेवलं आणि भावाच्या मानेखाली हात घालून त्याला दोन घोट पाणी पाजलं. भरमाप्पानं ते गिळलं आणि हलकेच मान हलवली, बरं वाटल्यासारखी.

तेवढ्यात बाहेर झांजेचा आवाज आला. शांतवन मास्तर आले होते. बरोबर देवळातली चारपाच मंडळी आणि पेटी. मास्तर कोरडे नव्हते, ढोंगी तर मुळीच नव्हते. मरणाऱ्या माणसापाशी बसून त्याला धीर देणं हे त्यांना देवानं दिलेलं काम वाटायचं. त्यांनी खोलीत येऊन भरमाप्पाच्या कपाळावर हात ठेवला आणि गायला सुरुवात केली. तो खर्जातला भरदार आवाज त्या लहानशा खोलीत घुमला आणि जोतिरामचे डोळे लगेच वाहू लागले. चंपाही रडू लागली. सोबतची माणसं झुलू लागली. मष्णू कोपऱ्यात अंग चोरून बसला.

गाणं संपलं तेव्हा मास्तर वाकून म्हणाले, "भरमाप्पा, प्रभू जवळ आहे. त्याचं तोंड दिसतं ना तुम्हाला? आनंद आहे ना?"

"न्हाय, मास्तर."

मास्तरांना वाटलं म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. सोबतच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं.

"ही लढाई आहे," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "अखेरच्या घटकेला सैतान फार जोर करतो. भरमाप्पा, काही मनात दडलं असेल तर बोलून टाका. एखादं पाप राहिलं असेल. बोललात की बघा, आत्ता उजेड पडेल. सगळे गुडघ्यावर या. आपण त्याला झुंजून सोडवू."

"आप्पा, बोला की," चंपा हुंदका देत म्हणाली. "काय असंल त्ये बोला."

"बास झालं," बायाक्का म्हणाली.

ती उठून उभी राहिली. एवढ्या वर्षांत देवळात किंवा मंडपात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "मास्तर, तुमी लांबनं आलासा, तुमचं उपकार. पर आता भाईर बसा. त्येला झुंजाय लावू नगासा. त्यो दमलाय."

"बाई, त्यांच्या आत्म्याचा प्रश्न आहे."

"त्ये ठावं हाय मला. मी हाय हितं."

मास्तर जोतिरामकडे बघून बाहेर गेले. त्यांच्यामागून मंडळी गेली. बाहेरच्या सोप्यावर पेटी टेकवल्याचा आवाज आला. जोतिरामनंही पाऊल उचललं, पण बापाचा हात हलला.

"ज्योत्या. बस."

तो बसला. मष्णूही जाऊ लागला होता, पण भरमाप्पानं त्याला डोळ्यांनीच थांबवलं. मग तो बोलला. एकेक वाक्याला थांबून, मधे मधे डोळे मिटून.

"आदुगर वाटायचं मला. माग चालवताना ऊर भरून यायचा. डोळं वल्लं व्हायचं. तुज्यागत. मग इन्फ्लूएन्झात रवळू गेला."

रवळू थोरला. जोतिराम तेव्हा शाळेत जाणारं पोर होता. भावाचं फक्त हसणं त्याला आठवत होतं.

"त्येला माती दिली, घरला आलो, गुडघं टेकलं. काय न्हाय. म्होरं नुसती भिंत. दुसऱ्या दिशी टेकलं. भिंत. त्या दिसापास्नं ह्येच हाय."

"एवढी वरसं?" जोतिराम म्हणाला. "आप्पा, तुमी रोज पहाटे टेकता. मी बघतोय की. रोज वाचता."

"रोज."

"मग कशासाठी? काय मिळत न्हाय तर कशासाठी?"

बायाक्कानं नवऱ्याचे ओठ ओले केले, मग भरमाप्पा बोलला.

"प्लेगात मला गावाभाईर झोपडीत टाकलं हुतं. गाठ फुटली हुती. माजा मलाच वास सोसत न्हवता. कोण येत न्हवतं." मष्णूनं मान खाली घातली. "तू धाकला हुतास, मष्णू, थोरल्यांनी ठरवलं. तुजं काय न्हाय त्यात. मिशनची एक दाई यायची. सदलग्याकडची. पेज घेऊन. गाठ धुवायची आन् जायाची. बोलायची न्हाय, रडायची न्हाय. तिला काय ग्वाड वाटत आसंल त्ये धुताना? पर रोज आली. मी इचारलं, कशापाय येतीस. म्हणाली, त्यानं सांगितलंय."

तो दमला. दम घेऊन पुन्हा बोलू लागला.

"मला पैलं त्येचं दर्सन तितं झालं, ज्योत्या. गाण्यात न्हवं. म्हणून मी थांबलो न्हाय. त्यो म्हणला ये. वाटलं तर ये, असं न्हाय म्हणला. आन् क्रूसाच्या खांबावर टांगला तवा त्येला तरी काय दिसलं? अंधारच की. तरी त्यो बापालाच हाक मारत हुता."

जोतिरामच्या डोळ्यांतलं पाणी केव्हाच सुकलं होतं. त्याला एकदम ती गेल्या वर्षीची प्रार्थना आठवली आणि कानशिलं तापली. "आप्पा, मी मंडपात तुमच्या काळजासाठी..."

"ऐकली मी ती." म्हाताऱ्याच्या ओठांच्या कडेला किंचित हसू आलं. "चांगली केलीस. माजं काळीज कठीणच हाय. आजून कर."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर भरमाप्पा गेला. काही बोलला नाही, काही दिसल्यासारखं केलं नाही. बायाक्काचा हात त्याच्या छातीवर होता, तिलाच आधी कळलं.

भाऊबंद गोळा झाले. गल्लीत दोन बाजूंनी माणसं उभी राहिली, एकीकडे देवळातली, एकीकडे कोष्टी मंडळी. कुणी तरी मोठ्यानं म्हणालं की म्हाताऱ्यानं मरताना भावाच्या हातचं पाणी घेतलं, म्हणजे तो परत आला, लाकडं आणा. देवळातली तरुण पोरं पुढं सरसावली. चंपा दारात आडवी उभी राहिली. तेव्हा मष्णू गर्दीतून पुढं आला.

"पाणी घेतलं," तो म्हणाला. "मीच पाजलं. पर त्येनं मला पान काढाय लावलं. जिता असताना त्येचं आमी ऐकलं न्हाय. आता ऐकतो. माती द्या त्येला." आणि तो वळून खांदा द्यायला पुढं गेला. त्याला कुणी अडवलं नाही.

मिशनच्या कबरस्तानात सगळा मंडप लोटला होता. शांतवन मास्तरांनी जोतिरामला बाजूला घेतलं. रात्रभर ते झोपले नसावेत. डोळे लाल होते.

"जोतिराम, तू बोल. तूच बोलायला हवं. त्यांचा चेहरा मी पाहिला, फार शांत होता. प्रभूला पाहिलेल्या माणसाचा चेहरा होता तो. एवढं सांग. आज इथं दहापाच जीव तरी पदरात पडतील."

मास्तर खोटं सांगायला सांगत नव्हते. त्यांना तसंच दिसलं होतं. जोतिरामनंही बापाचा चेहरा पाहिला होता. दिवसभर मागावर बसून उठलेल्या माणसाचा होता तो.

तो खड्ड्याच्या काठाशी उभा राहिला. लोकांनी पदर आणि रुमाल आधीच हातात घेतले होते. त्यानं रडू येण्याची वाट पाहिली. एरवी ते तोंड उघडायच्या आधी यायचं. आज आलं नाही. आत पाहिलं तर तिथं काहीच नव्हतं. गार, रिकामं. त्याला भीती वाटली. त्या भीतीतच तो बोलायला लागला.

"माझ्या आप्पांना अखेरीला काही दिसलं नाही," तो म्हणाला. "मास्तरांनी विचारलं, काकांनी विचारलं. आप्पा नाही म्हणाले. माझा भाऊ रवळू गेल्यापासून त्यांना प्रार्थनेत कधी काही वाटलं नव्हतं. तरी एकही दिवस त्यांनी गुडघे टेकायचं सोडलं नाही. मी त्यांना कठीण काळजाचा समजत होतो. मला वाटायचं, माझ्याकडे पुष्कळ आहे आणि त्यांच्याकडे काही नाही. आज माझ्याकडेही काही नाही. त्यांनी अकरा वर्षं काय केलं ते मला आज कळत नाही. पण मला ते शिकायचंय. एवढंच," तो म्हणाला आणि मूठभर माती घेऊन खाली वाकला.

कुणी रडलं नाही. मागे कुजबुज झाली. देवळातल्या एका वडीलधाऱ्या माणसानं मान हलवली आणि निघून गेला. माती लोटायला मष्णूनं फावडं हातात घेतलं.

फाटकापाशी मास्तर थांबले होते. ते रागावले नव्हते, दुखावले होते.

"तू लोकांना उघड्यावर टाकलंस, जोतिराम. धीर द्यायचा सोडून अंधार दाखवलास. सोमवारी मोटार निघते. तुझी जागा ठेवलीय मी. ये. ही आग एकदा विझली की पुन्हा पेटत नाही, मी पाहिलंय."

"विझू द्या, मास्तर. विझल्यावर काय राहतंय त्ये मला बघायचंय."

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग काढून घेतला. सोमवारी ते गेले. जोतिराम गेला नाही. त्याबद्दल देवळात पुष्कळ बोललं गेलं आणि पुढची कित्येक वर्षं त्याला कुणी उभं राहून बोलायला सांगितलं नाही.

पण माती दिली त्या संध्याकाळी हे काही त्याला ठाऊक नव्हतं. घरात चूल पेटवायची नव्हती. मष्णूच्या घरून भाकरी आणि पिठलं आलं, ते तिघांनी घासभर खाल्लं. माणसं पांगली. दिवेलागणीला चंपा भावाजवळ येऊन बसली.

"ज्योत्या, त्ये तू बोललास न्हवं तितं."

"रागावलीस व्हय, आक्का? निपाणीत तुला तोंड दाखवाय जागा ठेवली न्हाय मी."

"त्ये न्हवं." तिनं इकडे तिकडे बघितलं. "माजंबी तसंच हाय रं. माजं पैलं पोर गेलं तवापास्नं. मंडपात मी दुसऱ्या बायका बघून रडती. त्या रडल्या की मला रडू येतंय. घरला आलं की काय न्हाय. मला वाटायचं, मी बुडाली. कुणाला सांगू? म्हणून तर आप्पानं बोलावं असं म्हणत हुती मी. त्यो बोलला असता तर मलाबी जरा..." ती थांबली. "आता काय करू, सांग. तू शिकल्याला हाईस."

गेली दोन वर्षं जोतिरामकडे ह्या प्रश्नाचं उत्तर तयार असायचं. खानापुरात, कडोलीत, किती माणसांना त्यानं ते हात उंचावून दिलं होतं.

"मला न्हाय ठावं, आक्का," तो म्हणाला.

आतून बायाक्का आली. तिनं दोघांचं बोलणं ऐकलं होतं की नाही, कळलं नाही. ती भिंतीला हात लावत खाली बसली, पुढं झाली आणि गुडघे टेकले. अक्षरओळख नसलेली ही बाई. तिला मोठ्यानं प्रार्थना करताना पोरांनी कधीच ऐकलं नव्हतं. तिनं 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. स्वर सपाट होता, शब्द मधेच गाळत होती, काही ठिकाणी गावठी करून म्हणत होती. एका ओळीवर ती अडली. पुढचं आठवेना. पोरांनी सांगावं म्हणून ती तशीच थांबली.

जोतिराम तिच्या शेजारी टेकला आणि त्यानं ती ओळ म्हटली. मग चंपानं पुढची.